संपर्कयादी स्प्रेडशीटमध्ये सांभाळण्याचे आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

माजी विद्यार्थी संघाची ई-मेल यादी माझ्याकडे आली तेव्हा गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये १,९०० च्या आसपास नोंदी होत्या. एकाच माणसाच्या तीन-तीन. कुणाचं नाव देवनागरीत, कुणाचं रोमनमध्ये, कुणाच्या नावाच्या जागी नुसताच पत्ता. एकेक नोंद उघडून दुरुस्त करायला बसले, तर अख्ख्या संध्याकाळी चाळीस झाल्या. दुसऱ्या दिवशी सगळी यादी सीएसव्ही (कॉलम स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) म्हणून एक्स्पोर्ट केली आणि स्प्रेडशीटमध्ये उघडली. त्याला आता आठ महिने झाले, आणि मी परत जुन्या पद्धतीकडे जाणार नाही.

पहिला फायदा लगेच दिसला. ॲड्रेस बुकात एका वेळी एकच माणूस समोर असतो, शीटमध्ये सगळी यादी डोळ्यांखाली येते. ॲटच्या खुणेनंतरचा भाग वेगळ्या कॉलममध्ये काढला आणि त्यावर सॉर्ट केलं. जीमेलचं स्पेलिंग चुकलेले तेवीस पत्ते एकाखाली एक आले. या तेवीस जणांना आमचं एकही पत्र कधी पोचलं नव्हतं, आणि आम्ही समजत होतो की त्यांना रस नाही!

दुबार नोंदी काढण्यासाठी पत्त्यांवर आधी ट्रिम (जादा स्पेस काढणारं सूत्र) आणि लोअर (सगळी रोमन अक्षरं छोटी करणारं) लावायचं, मग काउंटइफ या मोजणाऱ्या सूत्राने एकाहून जास्त वेळा आलेले शोधायचे. एवढ्याने बरंचसं काम होतं. पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या पत्त्यांच्या मागे कधीकधी वेगळ्या जातीची स्पेस चिकटलेली असते, ती ट्रिमने जात नाही. त्यासाठी सबस्टिट्यूट या अदलाबदलीच्या सूत्रात कॅर १६०, म्हणजे त्या स्पेसचा कोड, द्यावा लागतो. शिवाय जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही, त्यामुळे टिंबासह आणि टिंबाशिवाय लिहिलेले दोन पत्ते एकाच पेटीत जातात. शीटला ते कळत नाही, आपल्याला बघावं लागतं.

मराठी नावांनी मात्र माझा एक अख्खा रविवार खाल्ला. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन नोंदींमध्ये होतं. दिसायला हुबेहूब सारखं, पण दुबार म्हणून काही पकडलं जाईना. शेवटी दोन्ही सेलना लेन (अक्षरचिन्हं मोजणारं सूत्र) लावलं. एकात ७ आले, दुसऱ्यात ८. एकीकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर टाइप केलेलं, दुसरीकडे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. तेव्हापासून मी माणूस नावावरून जुळवतच नाही, ई-मेलवरूनच जुळवते. नाव हे वाचायला, पत्ता हा ओळखायला.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी कळकळीने सांगते. सीएसव्हीवर डबल-क्लिक करून ती उघडू नका. देवनागरी नावांची जागा चित्रविचित्र चिन्हांनी घेतली तर फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची सांकेतिक पद्धत) चुकीचं धरलेलं असतं. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने आणा आणि यूटीएफ-८ हे एन्कोडिंग निवडा. त्याच वेळी फोनचा कॉलम टेक्स्ट करून टाका. नाहीतर सुरुवातीचं शून्य आणि अधिकचं चिन्ह उडतं आणि देशाच्या कोडसह बारा आकडी असलेला नंबर ‘९.१९ई+११’ असा दिसू लागतो. तसाच सेव्ह केला, तर सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहिलं जातं आणि खरे आकडे कायमचे जातात. सेव्ह करतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. गूगल शीट्समध्ये देवनागरीचा त्रास झाला नाही. फोनचा कॉलम तिथेही तपासावा लागतो.

दुरुस्त फाइल गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये परत इम्पोर्ट करणं सोपं आहे. एका वेळी ३,००० पर्यंत नोंदी जातात, वरच्या ओळीतली कॉलमची नावं मात्र आहेत तशीच ठेवायची. एका माणसाला दोन लेबलं (गटांची नावं) असतील तर त्यांच्यामध्ये तीन कोलन येतात, तेही मोडायचे नाहीत. मी प्रत्येक वेळी आधी पाच ओळींची छोटी फाइल पाठवून बघते. काही बिनसलं तर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये मागच्या ३० दिवसांतल्या स्थितीला परत जाता येतं.

आता ज्या चुकीमुळे माझी सगळी पद्धत बदलली ती सांगते. आमचे एक सर वारले. मुलीने कळवलं, मी त्यांचं नाव ॲड्रेस बुकातून काढून टाकलं. काही आठवड्यांनी लेबलं दुरुस्त करताना माझ्याकडून जुनी फाइल इम्पोर्ट झाली. तिच्यात सर होते. स्नेहसंमेलनाचं आमंत्रण त्यांच्या पत्त्यावर गेलं. मुलीचं उत्तर आलं: “बाबांना जाऊन चार महिने झाले. मी तुम्हाला कळवलं होतं.” मी तिला फोन करून माफी मागितली. ती समजुतीने बोलली, पण तो दिवस मी विसरलेले नाही.

त्यानंतर मी ओळ डिलीट करणं बंद केलं. काढून टाकलेल्या नावाची आठवण कुठेच उरत नाही, म्हणूनच ते जुन्या फाइलीतून परत येतं. आता शीटमध्ये ‘स्थिती’ नावाचा कॉलम आहे. त्यात चारच शब्द चालतात: चालू, बाउन्स (पत्र न पोचता परत आलं), नको (पत्र नको म्हणाले), निधन. ड्रॉपडाउन लावलंय, म्हणजे हाताने काही वेगळं लिहिता येत नाही. शेजारी तारीख आणि कुणी कळवलं ते. मूळ यादी ही शीटच, ॲड्रेस बुक तिची नक्कल. महिन्यातून एकदा ‘चालू’वर फिल्टर लावते, तेवढ्याच ओळींची नवी फाइल बनवते, ॲड्रेस बुकातल्या संघाच्या लेबलखालच्या जुन्या नोंदी काढून टाकते आणि मग इम्पोर्ट करते. वरून नुसतं इम्पोर्ट केलं तर बदललेल्या नोंदी जुन्यांच्या शेजारी नव्या होऊन बसतात, हे मी दोनदा अनुभवलंय.

‘नको’ म्हणणाऱ्यांचीही ओळ मी तशीच ठेवते. एकदा नको म्हटलेल्या माणसाला परत पत्र जाणं हा त्याचा अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

पाठवण्याबद्दल थोडक्यात: साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं, त्यामुळे मी गट पाडते, आणि पत्ते नेहमी बीसीसीमध्ये, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. शीट माझ्याखेरीज आणखी एकाच सहकाऱ्याला उघडता येते. कुणी ‘जरा यादी पाठवा ना’ म्हटलं तर पाठवत नाही. हे पत्ते लोकांनी संघाला दिलेत.

पन्नास-साठ संपर्क असतील तर एवढा खटाटोप करू नका, कॉन्टॅक्ट्समधली मर्जची (दुबार नोंदी एकत्र करण्याची) सोय पुरे. त्यापुढे मात्र शीटच. एक गोष्ट मला अजून नीट जमलेली नाही: ज्यांचे दोन पत्ते आहेत आणि दोन्ही वापरात आहेत, त्यांची एक ओळ ठेवायची की दोन. सध्या एक ओळ आणि दुसरा पत्ता वेगळ्या कॉलममध्ये.

सरांची ओळ अजून शीटमध्ये आहे. पुढे ‘निधन’, तारीख आणि ‘मुलीने कळवलं’.