मिसिंगच्या नावाखाली गेलेले १८,७०० रुपये

आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. घरी चार सिलिंडरची, आठ वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी आहे आणि बी-बियाण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळी कामे तिच्यावरच होतात. गेल्या वर्षी राखीच्या सुमारास ती मिसिंग करू लागली, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटायचे मधूनमधून चुकू लागले. सकाळी सुरू केली की इंजिन थरथरायचे, यवतमाळकडे जाताना चढावर ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आचके द्यायची, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा, आणि दुपारी ऊन पडले की काही झालेच नव्हते अशा थाटात ती चालायची.

जवळच्या बाजारगावातील एका गॅरेजमध्ये गाडी नेली. मिस्त्रीने स्कॅनर लावला, पडदा स्वतःकडे वळवून पाहिला, लगेच कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा क्रमांक) पुसला आणि म्हणाला, ‘‘पंप गेला जी भाऊ, पेट्रोलचा पंप.’’ कोड कोणता होता, हे मी विचारले नाही. दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग असेल तर पी ०३०२ असा कोड नोंदला जातो, तिसऱ्यात असेल तर पी ०३०३, आणि नेमका सिलिंडर ठरत नसेल तर पी ०३००, हे मला नंतर कळले. पंप कमजोर असता तर पेट्रोल चारही सिलिंडरना कमी पडले असते. शिवाय कोडसोबत त्या क्षणाचा इंजिनचा वेग, भार आणि तापमान हेही साठवलेले असते, आणि कोड पुसला की तो पुरावाही जातो.

पंपाचे ८,५०० रुपये दिले. त्यानंतर पाच दिवस उघाड होती, गाडी उत्तम चालली. पाऊस आला आणि मिसिंग परतली. मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या सफाईचे ४,२०० झाले, पुन्हा उघाड, पुन्हा समाधान, पुन्हा पाऊस. शेवटी ‘कॉम्प्युटरच्या प्रोग्रामिंग’चे ६,००० झाले. अधूनमधून येणारा दोष अशा मिस्त्रीच्या पथ्यावर पडतो, कारण गाडी हवामानाप्रमाणे आपोआप सुधारते आणि श्रेय मात्र ताज्या बिलाला मिळते. मी तर दोन शेजाऱ्यांना त्याच गॅरेजचा पत्ता दिला होता, हे लिहितानाही संकोच वाटतो.

महालक्ष्म्यांना माझा भाचा घरी आला. त्याने आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतले आहे. मोबाइलला जोडायचे छोटे यंत्र त्याच्याकडे होते. त्यावर पी ०३०२ हा कोड उमटला. त्याने इंजिन बंद ठेवून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल (ठिणगीसाठी प्लगला वीज देणारा भाग) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावली, कोड पुसला, आणि त्या दिवशी लख्ख ऊन असल्यामुळे इस्त्रीच्या वेळी वापरतो त्या फवाऱ्याच्या बाटलीने कॉइलभोवती थोडे पाणी मारून मग इंजिन सुरू केले. मिनिटभरात इंजिन थरथरू लागले आणि या वेळी कोड आला पी ०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला होता. (कोणी हे करून पाहणार असेल तर चालू इंजिनमधील कॉइलला हात लावू नये, तिथे हजारो व्होल्ट असतात.)

कॉइल उपसून त्याने तिची रबरी टोपी उलटी करून दाखवली. आत केसाएवढी चीर होती आणि चिरेच्या कडेने पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ. ओल धरली की ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता या चिरेतून इंजिनच्या धातूकडे पळायची. चढावर सिलिंडरमधला दाब वाढल्यामुळे प्लगवर ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून तिथे हमखास आचका बसायचा. नवी कॉइल आणि चार प्लग मिळून २,९०० रुपये लागले. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे दुर्लक्ष करून मी तीन आठवडे गाडी हाकली, तीही चूकच होती, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करू शकते.

मग सहज म्हणून भाच्याने मागची सीट उचलली. आमच्या गाडीत पंपाचे झाकण तिच्याखाली असते. मागच्या उन्हाळ्यात गाडीत सरकीचे पोते फुटले होते. त्यातले दोन दाणे झाकणाच्या कडेला धुळीत रुतून बसले होते आणि स्क्रूंच्या खाचाही मातीने भरलेल्या होत्या. ते झाकण कोणी उघडलेलेच नव्हते.

फोटो घेऊन मी गॅरेजवर गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर ‘पोराच्या हातून राहिले असेल’ असे म्हणत त्याने ५,००० परत केले; बाकीच्या पैशांबद्दल तो ऐकूनही घेईना. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. अडचण पुराव्याची आहे. काढलेला जुना पंप मी मागितला असता तर खोटेपणा त्याच दिवशी उघडा पडला असता. बिल म्हणून माझ्याकडे वहीच्या पानाच्या तीन चिठ्ठ्या आहेत, ज्यांवर ना गॅरेजचे नाव आहे ना जीएसटी क्रमांक, आणि यूपीआयच्या नोंदीत ‘गाडी काम’ एवढे दोनच शब्द आहेत, तेही मीच टाइप केलेले.