पावसाळाभर लुलिकोनॅझोल: औषध पास, ट्यूब नापास

पावसाळा सरला, दुसरी ट्यूबही सरत आली, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. लुलिकोनॅझोल हे बुरशीवरचं क्रीम, १ टक्का, ३० ग्रॅम, रात्री एकदा लावायचं. कशावर, ते गोव्यात जून-जुलैमध्ये दुचाकी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. फोंडा ते पणजी रोजची ये-जा. वरून रेनकोटची प्लास्टिकची पँट, आत घामाची अंघोळ. बाणस्तारीच्या पुलावर पाऊस गाठणारच, मग ऑफिसच्या एसीत पँट अंगावरच वाळवायची. कमरपट्ट्याखाली एक चट्टा उठला, कडा लाल नि जाडसर, मधली कातडी जवळजवळ चांगली. बघता बघता जांघेत उतरला. गजकर्ण. घरात ह्यावर कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि म्हणूनच जो तो गुपचूप फार्मसीत जाऊन "खाजेवर काय तरी द्या" म्हणतो.

मी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी चट्ट्याची कड ब्लेडने हलकेच खरवडली, काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, मग चिठ्ठी लिहिली. फार्मसीत काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठीवर ओझरती नजर टाकली आणि भलतीच ट्यूब पुढे सरकवली.

"हेच ते, कंपनी वेगळी. वर स्वस्त. दोन दिवसांत खाज बंद."

स्वस्त म्हटलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. पण खोक्याच्या कडेची बारीक अक्षरं वाचली तर पहिलंच नाव क्लोबेटासॉल, जोडीला एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीवरचं. तीन औषधं, आणि चिठ्ठीतलं त्यांत एकही नाही.

"बाब, हे स्टेरॉइड आहे."

"सगळे हेच नेतात."

"डॉक्टरने सगळ्यांना हे लिहून दिलंय?"

मागे रांग वाढली, कोणीतरी घसा खाकरला, मी चिठ्ठी खिशात घालून निघालो.

सगळे तेच नेतात हे मात्र त्याने खोटं सांगितलं नाही. स्टेरॉइडने लाली बसते, खाज थांबते, माणूस खूश होतो. बुरशी तिथेच, उलट तिला मोकळं रान मिळतं. चट्ट्याची ओळखीची कड पुसली जाते, मग डॉक्टरलाही नीट ओळखू येत नाही. मलम बंद केलं की सगळं परत, आधीपेक्षा पसरून. जांघेसारख्या ठिकाणी कातडी पातळ होऊन कायमचे वळ उमटतात. सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली, त्यांत अशी मलमंही होती. लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत हा नियमही २०१८ चाच. नियम कागदावर, ट्यूब काउंटरवर.

त्यात आपल्या देशातली ही बुरशी आता पूर्वीची राहिलेली नाही. २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं वेगळं नाव मिळालं. तिच्या पुष्कळ नमुन्यांत स्क्वॅलिन इपॉक्सिडेज नावाच्या जनुकात बदल सापडतो आणि मग टर्बिनाफिन तिच्यावर नीट चालत नाही. एकेकाळी गजकर्णावरचं हुकमी औषध ते. माझ्या चिठ्ठीत ते का नाही ह्याचं डॉक्टरांनी दिलेलं उत्तर हेच.

लुलिकोनॅझोल मिळालं दुसऱ्या दुकानात. मूळ औषध जपानचं, तिथे २००५ पासून बाजारात. अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं तेव्हा अंगावरच्या आणि जांघेतल्या गजकर्णाला एक आठवडा, पायाला दोन आठवडे एवढीच मुदत होती. डॉक्टरांनी मात्र सांगितलं, ती मुदत विसरा. चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे सोडायचं नाही.

पहिले काही दिवस निव्वळ निराशा. खाज होती तिथेच. रात्री पंख्याखाली पडून त्या स्वस्त ट्यूबचा विचार मनात आला नाही असं नाही. मग आधी खपली सुटायला लागली, कड खाली बसली, आणि खाज कधी गेली ते लक्षातही आलं नाही. आग नाही, वास नाही, कपड्याला डाग नाही. औषधाला पैकीच्या पैकी.

किमतीवरून सुरुवातीला मी बराच कुरकुरलो होतो. नंतर कागदावर हिशेब मांडला. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत पिळलेलं क्रीम साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा भागते. माझं क्षेत्रफळ तेवढंच. म्हणजे दिवसाला अर्धा ग्रॅम, ३० ग्रॅमची ट्यूब दोन महिने. बुरशीवरचंच साधं क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा लावायचं, एक ग्रॅम गेला. १५ ग्रॅमची ट्यूब पंधरवड्यात साफ. शिवाय सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत जांघेला क्रीम चोपडून वर रेनकोटची पँट चढवणं ज्याने केलंय त्यालाच रात्रीच्या एका वेळेची किंमत कळेल. तेव्हा महाग हा शब्द मी मागे घेतो.

आता ट्यूब.

ॲल्युमिनियमची आहे. टोपणाच्या मागच्या टोकाने तोंडाचा पडदा फोडायचा, इथवर ठीक. मी वस्तू शेवटच्या थेंबापर्यंत वापरणारा माणूस. टूथपेस्टसारखी शेपटाकडून गुंडाळत आणली. अर्ध्यावर आल्यावर घडीच्या कोपऱ्यात पत्र्याला केसाएवढी चीर पडली. तोंडाकडून दाबलं की क्रीम चिरेतून, चिरेवर बोट ठेवलं की दुसऱ्या कोपऱ्यातून. चवथीला आजोळी जाताना बॅगेत ठेवली होती. पोचून बघतो तर आरतीसाठी घेतलेल्या कुर्त्याच्या खिशाशी पांढरा गोळा.

दुसरं, बॅच नंबर आणि एक्स्पायरी ठोकलेली असते शेपटाच्या दाबलेल्या पट्टीवर. म्हणजे सगळ्यात आधी गुंडाळली जाते ती तारीख. खोकं कोण जपून ठेवतो?

कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. बाई गोड बोलल्या. "सर, बॅच नंबर सांगता?" बॅच नंबर गुंडाळीच्या पोटात. उलगडायला गेलो तर चीर वाढून पट्टीच तुटून हातात आली, त्यावरचे अर्धे आकडे क्रीमखाली. पुसून वाचले, फोटो पाठवला. उत्तर आलं, दुकानात बदलून घ्या. दुकानदार म्हणाला, उघडलेली ट्यूब आम्ही परत घेत नाही. पुन्हा फोन. ह्या वेळी सल्ला: "सर, ट्यूब गुंडाळू नका, नुसती सपाट दाबा." म्हणजे ट्यूब कशी दाबावी ह्याचंही प्रिस्क्रिप्शन हवं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ट्यूबवरून किती दळण. पण ती चीर पडते कधी ते बघा. चट्टा गेलेला असतो, खाज गेलेली असते, आणि राहिलेले असतात ते नुसते 'तरीही लावा'चे दोन आठवडे. नेमकं तेव्हाच क्रीम निघेनासं होतं. ज्याला आता काही त्रास नाही तो माणूस चिरलेल्या ट्यूबशी रोज रात्री कुस्ती खेळेल? टाकून देईल. आणि महिन्याभरात औषधाच्या नावाने बोटं मोडत पुन्हा डॉक्टरच्या दारात. मी मात्र बांगडा साफ करावा तशी कात्रीने ट्यूब उभी चिरली, आतलं सगळं स्वच्छ धुतलेल्या झाकणाच्या डबीत काढलं. आठवड्याला पुरेल एवढं निघालं! तारीख डबीवर मार्करने लिहिली.

न्यायाने सांगायचं तर ॲल्युमिनियम वापरण्यामागे कारण आहे. दाबलं की ते दबलेलंच राहतं. प्लास्टिकची ट्यूब पुन्हा फुगते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते. उजेड आणि हवा दोन्ही बाहेर ठेवायला पत्रा बरा. हे कळल्यावर माझा राग ट्यूबवरून उतरून निव्वळ त्या शेपटावर आला. तारीख खांद्याजवळ छापायला काय बिघडतं?

मधल्या काळात आईचा वेगळा धोशा चालू होता. तायकिळ्याचा पाला वाटून लाव. तायकिळा म्हणजे घाटावरचा टाकळा, पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडे त्याची भाजी होतेच. मी तिला गोवा पावडरची गोष्ट सांगितली. एके काळी गजकर्णावरचं औषध जगभर आपल्या गोव्याच्या नावाने विकलं जाई. झाड मात्र ब्राझीलचं, अरारोबा. त्याच्या खोडातली पिवळट भुकटी पोर्तुगीजांनी इथे आणली, इथून ती मुंबईकडे गेली. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांनी तिच्यातलं क्रायसारोबिन सोरायसिसवरही वापरलं, आणि त्याच धाग्यावर १९१६ मध्ये डिथ्रॅनॉल हे सोरायसिसवरचं औषध तयार झालं. ती भुकटी कातडी आणि कपडे डागाळायची, डोळ्यांत गेली तर भयंकर आग. सगळं ऐकून आई म्हणाली, "मग आमच्या तायकिळ्याने काय घोडं मारलंय?" भाजी केली, छान झाली होती. वाटलेला पाला कातडीवर कसा वागेल ह्याचा भरवसा मला नव्हता, म्हणून तेवढं टाळलं.

ऑगस्टमध्ये भाच्याच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या. फुटबॉल, ओले मोजे, तेच बूट दुसऱ्या दिवशी पुन्हा. लुलिकोनॅझोलचा भक्त झालो होतो, तरी डॉक्टरांनी त्याला साधं क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिलं, सकाळ-संध्याकाळ चार आठवडे, आणि बोटांमधली जागा कोरडी. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किमतीला सरकारी लगाम आहे. ठणठणीत बरा झाला. तेव्हा माझं मत थोडं आवरतं घेतो: बोटांमधल्या साध्या चिखल्यांना माझ्यासारखा खर्च करायची गरज नाही. आणि त्याची ट्यूब प्लास्टिकची होती. फुटली नाही, बॅगेत नाही, बुटात नाही, कुठेच नाही.

क्रीमइतकंच काम इस्त्रीने केलं असं माझं ठाम मत झालंय. जुलैत ऊन कुठलं? कपडे पंख्याखाली वाळत. हाताला कोरडी लागणारी चड्डी घेऊन इलॅस्टिकच्या शिवणीवर इस्त्री दाबली की भस्सकन वाफ निघते. तीच ओल दिवसभर कमरेला. आता आतले कपडे, टॉवेल, सगळ्यांवर इस्त्री. टॉवेल घरात प्रत्येकाचा वेगळा. बायको वीजबिलाचं नाव काढते. मी तिला ट्यूबची किंमत सांगतो.

घ्यावं का? चिठ्ठी असेल तर जरूर, आणि ३० ग्रॅमचीच, लहान ट्यूब नेमकी शेवटच्या आठवड्यात दगा देते. बिल घ्या, खोक्यावरचं नाव चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर जुळवा. क्लोबेटा'सॉल' आणि लुलिकोनॅ'झोल' ह्यांत सगळा खेळ आहे. डोक्यातल्या केसांत किंवा नखात बुरशी असेल तर ह्या क्रीमवर पैसे घालूच नका, ते तिथवर पोचत नाही, बहुतेक वेळा पोटातूनच औषध घ्यावं लागतं. चट्टे अंगभर असतील, मधुमेह असेल, किंवा आधी महिनोन्महिने ते दोन दिवसांत खाज घालवणारं मलम लावलं असेल, तरी दुकानात न जाता आधी डॉक्टरकडे जा. खासगी परवडत नसेल तर बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर पोचा, रांग लांब असते.