संत्र्याच्या निर्यातीचा आकडा शोधताना: एका आकडेवारी सेवेचे परीक्षण

वरुड-मोर्शी पट्ट्यातील आमच्या शेतकरी गटाने गेल्या वर्षी निर्यातीची आकडेवारी पुरविणाऱ्या एका खासगी सेवेची वर्गणी भरली. महाराष्ट्रातून बांगलादेशात दरमहा किती किमतीचा माल जातो हे ठाऊक असले, तर आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तोडणीस येणाऱ्या संत्र्याचा, सौदा करताना व्यापाऱ्यापुढे नुसत्या ऐकीव माहितीवर बसावे लागणार नाही, एवढाच हेतू होता. सेवेचे नाव देण्याचे टाळतो. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत ती वापरल्यानंतरचा अनुभव मात्र मांडतो.

पहिले पान सुटसुटीत आहे. राज्य, देश आणि मालाचा गट निवडला की महिनावार मूल्य समोर येते आणि गावातल्या अशक्त नेटवर्कवरही ते उघडते. अडचण आहे ती गटाची. येथे संत्र्याला स्वतंत्र जागा नाही. ‘फळे व भाजीपाला’ या एकाच टोपलीत नाशिकचा कांदा आणि आमची संत्री एकत्र पडतात. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती मे २०२४ मध्ये उठवली, त्यामुळे त्या महिन्यांचा आलेख पाहून संत्र्याविषयी काही अनुमान काढणे व्यर्थ आहे. संत्र्याचे दुखणे निराळेच होते. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत किलोमागे ८८ रुपयांपर्यंत नेले होते आणि त्यातील निम्मा भार, म्हणजे ४४ रुपये, अनुदानरूपाने उचलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ च्या अखेरीस घेतला होता.

सेवेचा खरा उपयोग आतल्या पानावर, मालाच्या प्रत्येक प्रकाराला सीमाशुल्कासाठी दिलेल्या आठ अंकी संकेतांकांच्या नोंदींत आहे. तेथेही एक खाचखळगा आहे. ‘ऑरेंज’चा संकेतांक ०८०५१००० असून ‘मँडरिन’चा, म्हणजे सैल सालीच्या संत्र्याचा, ०८०५२१०० आहे. नागपुरी संत्रा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मँडरिन असला, तरी कागदावर ‘ऑरेंज’ असे लिहिले गेले की तोच माल पहिल्या संकेतांकात जाऊन बसतो, म्हणून दोन्ही नोंदी जोडूनच पाहाव्या लागतात. सेवेच्या मदतपुस्तिकेत याचा उल्लेख असायला हवा होता. आम्हाला ते समजायला अख्खा आंबिया बहार लागला.

राज्यनिहाय आकडा वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातदार सीमाशुल्क विभागाला देतो त्या घोषणापत्रावर, मालाचे मूळ राज्य व जिल्हा नमूद करणे १५ फेब्रुवारी २०२० पासून बंधनकारक झाले. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची तुलना ही सेवा एकाच रेषेवर दाखवते, हे मला पटलेले नाही. शिवाय मूळ राज्य निर्यातदाराच्या घोषणेवरून ठरते. वरुडचा माल बंगालमधील व्यापाऱ्याने विकत घेऊन बांगलादेश सीमेवरील पेट्रापोलच्या नाक्यावरून पाठवला आणि घोषणेत मूळ राज्य चुकले, तर आमची संत्री महाराष्ट्राच्या खात्यात दिसणारच नाहीत.

मूल्याबाबतही सावध राहावे. नोंदवले जाते ते आपल्या सीमेपर्यंतचे मूल्य. पलीकडचे आयात शुल्क त्यात धरलेले नसते. त्यामुळे शुल्क वाढले तरी किलोमागचा भाव कागदावर फारसा हलणार नाही, धक्का दिसेल तो वजनाच्या रकान्यात. मूल्य रुपयांत पाहिल्यास रुपया घसरल्यानेही आकडा फुगतो, म्हणून मी आता वजन आधी पाहतो, मग डॉलरमधील मूल्य, आणि दोहोंच्या भागाकारातून निघणारा दर आमच्याकडील कॅरेटच्या (फळांच्या पेटीच्या) भावाशी ताडून पाहतो. या वर्षीच्या सौद्यात हा भागाकार कामास आला. भाव फार वाढला असे नाही, पण बोलणी तरी बरोबरीने झाली.

वार्षिक अहवाल आमच्या कामाचा नाही. तो एप्रिल ते मार्च असा असतो आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुलणाऱ्या पिकाची, तोड फेब्रुवारीत सुरू होऊन पुढे लांबली, तर एकच हंगाम दोन वर्षांत विभागला जातो. महिनावार तक्ता एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो, ही सोय मात्र उत्तम. मदतीसाठी फोन केल्यास उत्तर सौजन्याने मिळते, पण मराठीत नाही.

पुढील वर्षी आम्ही फक्त आठ अंकी नोंदींच्या विभागाची वर्गणी भरणार आहोत. पहिल्या पानासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. राज्य, देश आणि गट इतकी ढोबळ माहिती केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या, २३ जून २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘निर्यात’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.