मुंजाचा कौल आणि १३ हजारांची झोप

पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात १३,००० रुपये भरून मी एक रात्र झोपलो. घरी फुकट झोपतो तसाच, फक्त अंगाला वीस-बावीस वायरी लावून. त्या झोपेचा हा रिव्ह्यू. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे बरीच कुरकुर करणार आहे आणि तिथली माणसं तशी भली होती.

मी कोकणातल्या लोट्याच्या एमआयडीसीत प्रोसेस ऑपरेटर. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. सी शिफ्ट म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सात. ती करून खोलीवर येतो, चहा-चपाती खातो आणि आठला आडवा होतो. गेल्या पावसाळ्यात सी शिफ्टच्या आठवड्यात एक प्रकार सुरू झाला. साडेनऊ-पावणेदहाला जाग यायची. डोळे उघडे. पंखा दिसतोय, दाराला टांगलेला रेनकोट दिसतोय, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येतेय. पण हात हलत नाही, पाय हलत नाही, जीभ टाळ्याला चिकटलेली. आणि छातीवर कुणीतरी बसलेलं. बसलेलं म्हणजे नुसता भास नव्हे, वजन. सोडा ॲशची ५० किलोची गोणी ठेवावी तसं. शिवाय रेनकोटाच्या मागे कुणीतरी उभं आहे, हे मान न वळवताही कळायचं. मी जिवाच्या आकांताने बायकोला हाक मारायचो. ती सांगते, बाहेर नुसतं 'ऊं… ऊं…' असं कण्हणं ऐकू यायचं. तिने खांद्याला हात लावला की खाडकन सुटायचो. सगळं मिळून एखाद-दोन मिनिटं असेल, मला अख्खी पाळी वाटायची.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोने आईला फोनवर सांगितलं आणि तिथल्या तिथे निकाल लागला. मुंज्या. आमच्याकडे या निदानाला वेळ लागत नाही. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोर पिंपळावर राहतो, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. आमच्या खोलीमागे पिंपळ आहे. खटला संपला.

माझी एकच शंका होती. भूत म्हटलं की रात्र, किर्र काळोख. हा उन्हात, शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत असताना कसा येतो? आई म्हणाली, "तू रातचा घरात असतोस कुठं? तो तुज्या टायमाला येतो." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हा आधी त्या सेवेचा रिव्ह्यू. गावी गेलो, देवळात कौल लावला. गुरवाने फुलाच्या कळ्या पाण्यात बुडवून पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही सगळे त्या कळ्यांकडे बघत बसलो. ओल्या दगडावरून कळी घसरायला किती वेळ लागतो याचा अंदाज तुम्हाला नसेल. पहिली सुटली ती उजवीकडची. म्हणजे होय, बाहेरचं आहे. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. गुरव तासभर माझ्याशी बोलला होता. छातीवर बसतो की पायाशी उभा राहतो? आधी आवाज येतो की आधी वजन पडतं? तोंड दिसतं का? कोण हसलं नाही, कोण घाईत नव्हतं. खर्च एक नारळ, एक कोंबडा आणि ५१ रुपये. आईने वर एक बोथट कोयती फडक्यात गुंडाळून दिली, उशाखाली ठेवायला. लोखंड असलं की जवळ येत नाही म्हणे.

आठ दिवस काही झालं नाही. राखण लागू पडली असं घरात जाहीर झालं. ते आठ दिवस मी रजेवर होतो आणि रात्रीचा झोपत होतो, हे कुणी हिशोबात धरलं नाही. मीही नाही. पुढच्या सी शिफ्टला दुसऱ्याच दिवशी तो हजर.

मधल्या काळात एका नातेवाइकाने शहरातला एक बाबा सुचवला. त्याने फोनवरच 'बंधन' घालायचे २१,००० सांगितले. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काय म्हणतो ते मी त्याला विचारलं, तर फोन कट झाला. त्या सेवेला शून्य तारे.

शेवटी कंपनीत वर्षाची तपासणी असते तिथल्या डॉक्टरांना बोललो. त्यांनी विचारलं, घोरता का? बसमध्ये डुलक्या येतात का? दोन्हीला हो म्हणालो. त्यांनी झोपेच्या तपासणीसाठी पुण्याची चिठ्ठी दिली.

आता स्लीप लॅब. काउंटरला एक तारा, तोही एसीसाठी. फोनवर मी स्वच्छ सांगितलं होतं की मला हे दिवसा होतं, रात्रपाळी करून झोपल्यावर. उत्तर आलं, "टेस्ट रात्रीच असते, साडेआठला या." डोक्याला तेल लावून येऊ नका, एवढं एक वाक्य त्यांनी सांगायला हवं होतं. प्रवासात डोकं दुखू नये म्हणून बायकोने घरून निघताना चांगलं चापून तेल घातलं होतं. कुंभार्ली घाटातून एसटीने स्वारगेटला येईपर्यंत ते कानापर्यंत उतरलं. वायरी चिकटवणाऱ्या मुलीने माझ्या डोक्याला बोट लावलं आणि एक सुस्कारा टाकला. मग तीनदा शांपू.

त्या मुलीला पाचपैकी पाच. बोलण्यावरून सोलापूरकडची वाटली. तिने टेपने डोकं मोजलं, तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या, खरखरीत जेलने त्या जागा घासल्या आणि टूथपेस्टसारख्या लगद्यात एकेक वायर बसवली. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीला, पोटऱ्यांना, छातीला. नाकाखाली नळी, बोटाला चिमटा, छातीपोटाला दोन पट्टे. पाऊण तास गेला. सगळ्या वायरी गळ्यातल्या एका डब्यात जातात. आमच्या रिॲक्टरला इतके सिग्नल नाहीत. मग ती शेजारच्या खोलीत गेली आणि स्पीकरवरून आवाज आला, "दादा, मान न हलवता उजवीकडे बघा. डावीकडे. दात आवळा. पावलं हलवा." आम्हीही प्लांट चालू करण्याआधी एकेक व्हॉल्व्ह हलवून बघतो, त्यामुळे मला जरा घरच्यासारखं वाटलं.

खोलीला अडीच. उशी म्हणजे वीट. एसी घरघरतो. लघवीला जायचं तर हाक मारायची, मग ती येऊन डबा सोडवून गळ्यात अडकवून देणार. आणि सगळ्यात मोठी तक्रार: पहाटे साडेपाचला लाइट लावून उठवतात. स्वप्नाची झोप रात्रीत चार-पाच वेळा येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते, हे मला नंतर कळलं. म्हणजे माल उतरायच्या वेळेलाच हे दुकान बंद करतात. कॅन्टीन आठला उघडतं. केसांत लगदा वाळलेला, कपाळावर तांबड्या खुणा, असा मी अडीच तास बाकावर बसून होतो. सिक्युरिटीवाल्याने दोनदा विचारलं, बरोबर कोण आहे?

रात्रभरात तो आला नाही. वायरी, कॅमेरा, १३,००० रुपये, सगळी तयारी होती, पण पाहुणा नाही.

आठवड्याने रिपोर्ट मिळाला. नऊ पानं, इंग्रजी. डॉक्टरांनी सांगितलं, तासाला सरासरी ३.८ वेळा श्वास अडखळतोय, पाचच्या आत आहे, म्हणजे घोरण्याचा आजार नाही. मग ते म्हणाले, "खरं तर तुमच्या त्या प्रकारासाठी ही टेस्ट लागतच नाही. ऐकूनच कळतं. घोरणं आणि दिवसाच्या डुलक्या होत्या म्हणून केली." हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मग पुढचं बघायला मिळालं नसतं.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एक पान म्हणजे तीस सेकंद. बऱ्याच रेघा एकाखाली एक. त्यातल्या एकीवर बोट ठेवलं. "ही तुमची हनुवटी." रेघ दाट, खरबरीत होती, जागेपणी स्नायूत ताण असतो तशी. पुढची पानं सरकवली. पहाटे चार वाजून काही मिनिटांनी डोळ्यांच्या रेघा उसळ्या मारायला लागल्या आणि हनुवटीची रेघ एकदम सपाट झाली. आखून काढल्यासारखी. "इथे तुम्ही स्वप्नात आहात, आणि तुमचं शरीर लुळं आहे. रोज असतं. माझंही."

मी त्या रेघेकडे बघत राहिलो. जी गोष्ट मला पाच-सहा महिने छळत होती ती जन्मापासून रोज रात्री होत होती. फक्त मी तेव्हा घरी नव्हतो.

आमच्याकडे ॲजिटेटरच्या, म्हणजे टाकीतला माल ढवळणाऱ्या पात्याच्या, मोटरवर काम असलं की आधी सप्लाय बंद, मग कुलूप, मग तांबडा टॅग. आत माणूस असताना कुणी बटण दाबलं तरी मोटर फिरता कामा नये. मेंदू स्वप्नाच्या वेळी अगदी हेच करतो. नाहीतर स्वप्नातली लाथ बायकोला बसायची. मेंदूच्या बुडापासून मणक्यातल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना ग्लायसिन आणि गाबा या दोन रसायनांमार्फत गप्प बसवलं जातं. ग्लायसिन ऐकून मी जरा सावरून बसलो, ओळखीचं नाव. डोळे आणि श्वासाचा पडदा यांना हे कुलूप नाही. पण बरगड्यांमधले स्नायू ढिले पडतात. कधीकधी पॅनलला वीज आधी येते आणि कुलूप तसंच राहतं. माणूस जागा, शरीर बंद. घाबरून खोल श्वास ओढायला जावं तर छाती फुलत नाही, आणि जी छाती फुलत नाही तिच्यावर काहीतरी ठेवलेलं असणारच, असा मेंदूचा सरळ हिशोब. भीतीचा भोंगा वाजत असतो, कारण सापडत नसतं, स्वप्न अजून पुरतं विझलेलं नसतं. मग ते रेनकोटाला माणूस करतं.

मी विचारलं, पण सगळ्यांना छातीवर बसणाराच कसा दिसतो? डॉक्टर हसले नाहीत, याचा एक तारा जास्त. म्हणाले, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला म्हातारी येऊन बसते. जपानात त्याला 'कानाशिबारी' म्हणतात, लोखंडाने जखडणं. वजन आणि बांधलेपण शरीराचं, चेहरा ज्या त्या गावचा. मला बघा मुंजा मिळाला, कारण मागे पिंपळ आहे.

घरी येऊन मी मोबाइलवर बरंच वाचलं. ही स्वप्नाची झोप शिकागोत १९५३ साली आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी जगापुढे मांडली. २०११ साली अमेरिकेत दोघांनी ३५ अभ्यासांची बेरीज केली, ३६,५३३ माणसांची. साधारण ७.६ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी माझ्यासारखं अंग बांधलं गेलेलं, विद्यार्थ्यांत २८.३ टक्के. परीक्षेची जागरणं आणि माझी सी शिफ्ट, एकाच माळेचे मणी. इंग्रजीत या प्रकाराला स्लीप पॅरालिसिस, मराठीत निद्रापक्षाघात म्हणतात. आईपुढे हा शब्द काढायचा नाही असं बायकोने आणि मी ठरवलं, लकव्याच्या भीतीने तिची झोप उडाली असती.

आणि वेळेचं. स्वप्नाच्या झोपेची ओढ पहाटेपासून सकाळी सर्वात जास्त असते. रात्रभर जागून आठला आडवा झालेला माणूस थेट तिच्या तोंडी जातो, जागं-झोप-जागं अशी सरमिसळ होते, आणि पाठीवर झोपला तर जास्त. म्हणजे आईचं 'तो तुज्या टायमाला येतो' हे वेळेपुरतं शंभर टक्के बरोबर होतं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

औषध दिलं नाही. झोपेचे तास वाढवा, झालंच तर ओरडण्यात ताकद घालवू नका, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, आणि पाठीवर झोपू नका. पाळ्या आमच्याकडे सी-बी-ए अशा उलट्या फिरतात, त्या ए-बी-सी, म्हणजे सकाळ-दुपार-रात्र अशा फिरल्या तर शरीराला सोपं जातं, हेही सांगितलं. ते मी शिफ्ट इनचार्जना बोललो. त्यांनी एचआरला मेल टाकायला सांगितला. टाकलाय.

सगळं धरून लॅबला साडेतीन तारे. घोरत असाल तर जा, डोकं धुऊन जा, सोबत उशी न्या. छातीवर बसणाऱ्यासाठी जात असाल तर आधी नुसते डॉक्टरांना भेटा, बारा हजार वाचतील.

गणपतीत आई खोलीवर आली. मोबाइलवर काढलेला त्या पानाचा फोटो मी तिला दाखवला. ही रेघ सपाट झाली की अंग बांधलेलं. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"मंग त्यात तो दिसतो काय?"

"नाही."

"दिसायचा नाय." तिचं समाधान झालं.

पाठीवर वळू नये म्हणून डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती, बनियनला मागून खिसा शिवायचा आणि त्यात टेनिसचा बॉल ठेवायचा. बॉल आणायचा राहून गेला. मी उशाखालची कोयती काढून गादीखाली मधोमध सरकवली. झोपेत उताणा झालो की तिची मूठ मणक्याला टोचते आणि मी गप कुशीवर होतो. गेल्या तीन सी शिफ्टमध्ये तो एकदाच आला, अंगठा हलवल्यावर गेला.

चादर बदलताना आईला कोयती खाली सरकलेली दिसली. "ही हितं कुणी ठेवली?"

"डॉक्टरांनी सांगितलं, पाठीखाली काहीतरी ठेवा म्हणून."

तिने शेजारणीला हाक मारून सांगितलं, पुण्याचा डॉक्टर चांगला आहे.