उर्फा मिरचीच्या जागी काय? मराश, आंचो, चिपोत्ले आणि आपली ब्याडगी

तुर्की जेवणाचे व्हिडिओ बघून कुणी चिलबिर (लसणीच्या दह्यावरची अंडी) करायला घेतं, कुणी मसुराचं सूप, आणि सामानाच्या यादीत एका नावाशी गाडी अडते: उर्फा बिबेर. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे ही मिरची नसते. ऑनलाइन दिसते, पण लागणार असतो एक चमचा आणि इवल्याशा बाटलीची किंमत बघून हात आखडतो. मग पर्यायांचा शोध सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर मिळतं ते स्मोक्ड पाप्रिकाचं, नाहीतर चिपोत्लेचं. या दोन्ही धुरावर वाळवलेल्या मिरच्या. उर्फाचा धुराशी काहीच संबंध नाही.

ही मिरची येते आग्नेय तुर्कस्तानातल्या शानलीउर्फा भागातून, सीरियाच्या सीमेलगत. तिथे तिला इसोत म्हणतात. पिकून लाल झालेल्या मिरच्या दिवसा कडक उन्हात पसरतात आणि रात्री गुंडाळून, झाकून ठेवतात. आपल्या वाळवणात सगळा जोर ओल घालवण्यावर असतो. उर्फात दिवसभर तापलेल्या मिरचीची ओल रात्री कोंडून धरतात. काही दिवस असं चाललं की लाल रंग जांभळट होतो आणि मग जवळजवळ काळा. पुढे मिरची जाडसर भरडून तिला मीठ आणि थोडं तेल चोळतात. चिमटीत घेतली तर कण एकमेकांना धरून राहतात आणि बोटांवर तपकिरी-लाल तेलकट डाग उरतो. वास काळ्या मनुकांचा, थोडा कॉफीचा, थोडा कडवट चॉकलेटचा. हा गडद वास धुरासारखा भासतो, आणि घोळ होतो तो इथेच. तिखटपणा मध्यम. पहिला घास गोडसर-खारट लागतो, तिखट मागाहून घशाशी सावकाश चढतं.

म्हणून पर्याय निवडताना ‘किती तिखट’ हा प्रश्न मी शेवटी ठेवते. तिखट कमी-जास्त करणं आपल्याला उपजतच येतं. आधी बघायचं ते मिरचीवर काय संस्कार झालेत ते: बिया आहेत का, मीठ आहे का, तेल आहे का, आणि ती कच्ची वरून भुरभुरली तर खाववते का. उर्फा ताटात, अगदी शेवटी घालायची मिरची आहे. आपल्या बहुतेक सुक्या मिरच्या तेलात पडल्याशिवाय खुलत नाहीत.

मराश आणि अलेप्पो

सर्वांत जवळच्या या दोघी, आणि दोघी जवळपास एकसारख्या. मराश येते काहरामानमाराश भागातून. अलेप्पो मूळची सीरियातल्या त्याच नावाच्या शहराच्या आसपासची. मात्र 2011 पासूनच्या युद्धामुळे तिथली शेती विस्कटली, आणि आज ‘अलेप्पो’ म्हणून विकला जाणारा बराचसा माल तुर्कस्तानात पिकतो. दोन्ही लालभडक, बिया बहुतेक काढलेल्या, मीठ-तेल चोळलेल्या. तुर्कस्तानात जेवणाच्या टेबलावर मिठाशेजारी जी लाल भरड ठेवलेली दिसते, ती याच जातकुळीची, पुल बिबेर.

फरक चवीच्या रोखात आहे. उर्फा खोल आणि जड, तर मराश उजळ, फळासारखी, किंचित आंबट. एक चमचा उर्फाला एक चमचा मराश सरळ घालावी, मीठ बदलायची गरज नाही. पदार्थाचा रंग मात्र काळपट न होता लाल होईल. पांढऱ्या दह्यावर तो उर्फापेक्षा छानच दिसतो, हे माझं मत.

जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. जवळच्या तुर्की दुकानात मराश तर असतेच, बहुधा तिच्याच फळीवर ‘इसोत’ लिहिलेलं पाकीटही असतं. पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका.

आंचो

मेक्सिकोतली पोब्लानो मिरची पिकवून वाळवली की ती आंचो. मनुका आणि चॉकलेटचा वास हवा असेल तर मराशपेक्षाही ही उर्फाच्या जवळ जाते. तिखट जवळजवळ नाहीच, साधारण 1000 ते 2000 स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). त्यामुळे आंचोच्या पाऊण चमचा पुडीत पाव चमचा आपलं नेहमीचं तिखट, चिमूटभर मीठ आणि दोन थेंब तेल घातलं की गणित जुळतं. अडचण एवढीच की भारतात आंचो शोधणं उर्फा शोधण्याइतकंच कठीण. अमेरिकेत कुठल्याही मेक्सिकन दुकानात सहज मिळते, त्यामुळे तिकडच्या मंडळींसाठी हा पहिला पर्याय. चॉकलेट ब्राउनीत उर्फा घालायची हौस असेल तर आंचो डोळे मिटून वापरा.

चिपोत्ले आणि स्मोक्ड पाप्रिका

चिपोत्ले म्हणजे पिकलेली हालापेन्यो, मेक्सिकोची जाड सालीची मिरची, धुरावर वाळवून केलेली. स्मोक्ड पाप्रिका म्हणजे स्पेनची पिमेन्तोन; तिच्यातली ला वेरा भागातली नावाजलेली पूड ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. दोन्ही उत्तम मसाले आहेत, पण ताटात आले की धुराखेरीज दुसरं काही उरत नाही. चिलबिरमध्ये लसणीचं दही आणि लोणी यांच्यावर हा धूर स्वार होतो आणि सगळा पदार्थ बार्बेक्यूच्या वाटेला लागतो.

अपवाद एकच: निखाऱ्यावर भाजलेलं वांगं. तुर्की स्वयंपाकात ते दह्यात कालवून किंवा कबाबाखाली पसरून भरपूर खातात, आणि तिथे धूर आधीच आलेला असतो. तेवढ्यासाठी पाव चमचा पुरे. स्मोक्ड पाप्रिका घेताना गोडी आहे की तिखट, हे डब्यावर बघून घ्या. गोडीत तिखटपणा नसतोच.

गोचुगारू

कोरियन भरड मिरची. आता मोठ्या शहरांत बऱ्यापैकी मिळते, किमचीच्या कृपेने. बिया नाहीत, कण मोठे, चव गोडसर. मराशच्या जागी ही फार छान बसते. उर्फाच्या जागी बसते, पण खोली कमी पडते. मीठ नसतं, तेल नसतं, ते आपण घालायचं.

पिझ्झाबरोबर येणारे चिली फ्लेक्स

फ्रिजच्या दारात साठलेल्या त्या पुड्यांकडे हात जाणं स्वाभाविक आहे. त्यात अर्ध्याहून जास्त बिया दिसतात, कण कोरडे खडखडीत, आणि तिखट लगेच जिभेवर चढतं. दह्यावर भुरभुरले की बिया दाताखाली येतात. नकोच.

आणि ब्याडगी

महाराष्ट्र-गोव्यात बसून विचार करायचा तर माझी पसंती हिला. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी गाव, तिथली सुरकुतलेली गडद लाल मिरची. 2011 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. रंग दणदणीत, तिखट बेताचं, आणि सालीला स्वतःची गोडी. ती जशीच्या तशी वापरायची नाही. उर्फात कारागीर जे करतात त्यातला शेवटचा टप्पा, म्हणजे मीठ आणि तेल, आपण घरी करायचा.

ब्याडगीचे दोन प्रकार मिळतात, डब्बी आणि कड्डी. डब्बी आखूड, फुगीर, बिया जास्त. कड्डी लांब, बारीक, बिया कमी. या कामाला कड्डी सोयीची. दहा-बारा मिरच्यांचे देठ खुडा, कात्रीने उभी चीर द्या आणि बिया झटकून टाका. तुकडे मंद आचेवरच्या तव्यावर मिनीट-दीड मिनीट परता. रंग बदलू द्यायचा नाही, खकाणा उठता कामा नये. कच्चट वास जाऊन तुकडे कुरकुरीत झाले की बस. गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. पूड होऊ देऊ नका, रव्यापेक्षा जाड भरड हवी. तीन टेबलस्पून भरडीला पाव छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा सूर्यफुलाचं तेल घालून बोटांनी चोळा. घाण्याचं शेंगदाणा तेल घालू नका, ते आपला वास पुढे करतं.

इथपर्यंत जे तयार झालं ती मराशची धाकटी बहीण. उर्फाकडे न्यायची असेल तर चार-पाच काळ्या मनुका बी काढून, सुरीने अगदी बारीक करून, चिमूटभर बिनसाखरेच्या कोकोबरोबर त्यात चोळा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी बरणी उघडली की वासाने खात्री पटते. रंग काळा होणार नाही, तपकिरीकडे झुकेल. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवा, कारण तेल खवट होतं आणि मनुका ओल धरतात.

बाकीच्या आपल्या मिरच्यांबद्दल थोडक्यात. संकेश्वरी चवीला सुरेख, पण ब्याडगीपेक्षा तिखट. निम्मी संकेश्वरी आणि निम्मी ब्याडगी केली तर झणका आवडणाऱ्यांचं समाधान होईल. लवंगी आणि गुंटूर यांचं इथे काम नाही. काश्मिरी तिखटाची बारीक पूड रंग देते, पण दह्यात पडली की विरघळल्यासारखी पसरते आणि दाताखाली काही येत नाही. सूपात घालायची असेल तर चालेल.

एक चमचा उर्फासाठी माझं माप असं:

| पर्याय | किती | वर काय घालायचं | चव कुठे झुकते |
|---|---|---|---|
| मराश / अलेप्पो | 1 चमचा | काही नाही | उजळ, किंचित आंबट |
| घरची ब्याडगी भरड | 1 चमचा | काही नाही | गोडसर, मातकट |
| आंचो | पाऊण चमचा | पाव चमचा तिखट, मीठ, तेल | मनुका, चॉकलेट |
| गोचुगारू | 1 चमचा | मीठ, तेल | गोडसर, हलकी |
| चिपोत्ले | पाव चमचा | मीठ | धूर |

आता पदार्थाकडून बघू. चिलबिर म्हणजे लसूण घातलेलं घट्ट दही, त्यावर पाण्यात उकळून काढलेली कवच नसलेली अंडी, आणि त्यावर मिरचीचं लोणी. या लोण्यावर सगळा खेळ आहे, आणि आपला फोडणीचा हात इथे आड येतो. कडकडीत लोण्यात मिरची टाकली तर क्षणात काळी होते आणि कडवटते. घरच्या भरडीतल्या मनुका तर तिच्याही आधी करपतात. लोणी वितळून फेस बसला की गॅस बंद करायचा, अर्धा मिनीट थांबायचं, मग मिरची घालायची. लोणी हळूहळू लाल होत जातं आणि दह्यावर ओतलं की कडेने केशरी ओघळ धरतात. यासाठी मराश पहिली, मनुका न घातलेली ब्याडगी दुसरी. मसुराच्या सूपालाही हेच लोणी वरून, त्यामुळे निवडही हीच.

मुहम्मारा, म्हणजे अक्रोड, भाजलेली लाल सिमला मिरची आणि डाळिंबाचा आटवलेला रस यांची चटणी, मुळात अलेप्पोकडचीच. तिच्यासाठी उर्फा हवीच असं नाही, त्यामुळे पर्यायाची चिंताही नको. ब्याडगी भरड बिनधास्त घाला. लाहमाजूनच्या (पातळ रोटीवर पसरून भाजलेल्या) खिम्यात किंवा कबाबात मिरची मांसाबरोबर शिजते, बारकावे बुजतात, तिथे गोचुगारूही खपून जाते. जाता जाता, उर्फा कबाब हा नावावरून वाटतो तसा जहाल नसतो. जहाल तो अदाना कबाब.

राहिला ची क्योफ्ते, उर्फाचा मानाचा पदार्थ. बारीक दलिया, टोमॅटोची पेस्ट, कांदा आणि भरपूर इसोत एकत्र घेऊन बराच वेळ मळतात. पारंपरिक पद्धतीत त्यात कच्चं मांस असतं, पण आज तुर्कस्तानातल्या दुकानांत तो बिनमांसाचाच विकतात, त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी घरांतही सहज होण्यासारखा आहे. चूल पेटत नाही, काही शिजत नाही, मिरची मूठभर जाते आणि तिचाच रंग, तिचंच मीठ, तिचंच तेल पदार्थाला आकार देतं. इथे वरच्यापैकी एकही पर्याय मला पुरेसा वाटत नाही. हा बेत ठरला असेल तर बाटली मागवाच, आणि घेताना मागचं लेबल वाचा: मिरची, मीठ, तेल एवढंच लिहिलेलं असावं, आणि बाटली हलवली तर आतले कण कोरड्या वाळूसारखे सळसळू नयेत.