कुंडईच्या शेडमधील टर्बो गाडीचे एक्झॉस्ट: आठ महिन्यांनंतरचे परीक्षण

गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा फॅब्रिकेशन शेडमध्ये गेल्या मार्चमध्ये मी माझ्या गाडीचे एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळ्या-सायलेन्सरची जोडणी, बदलून घेतले. शेडचे नाव देत नाही, कारण पुढे स्तुतीबरोबर दोन गंभीर तक्रारीही येणार आहेत आणि त्या दोन्ही त्यांनी जादा पैसे न घेता शक्य तितक्या दूर केल्या आहेत. गाडी 2020 सालची फोक्सवॅगन पोलो 1.0 टीएसआय, म्हणजे 999 सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 110 पीएस, 175 न्यूटन-मीटर आणि सहा गियरांचा मॅन्युअल गियरबॉक्स. वॉरंटी संपलेली होती आणि मूळच्या सायलेन्सरची शिवण गंजून उघडू लागली होती. फोंड्यात राहून नोकरीसाठी रोज वास्कोला जाणाऱ्या माणसाच्या गाडीला खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि तांबडा चिखल असे तिन्ही लागतात. तेव्हा पाच वर्षांत सायलेन्सर गेला, याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

शेडचे मालक, ज्यांना सगळे ‘मेस्त’ म्हणतात, त्यांनी मोजमाप घेण्याआधी अर्धा तास बोलण्यात घालवला आणि माझ्या मते त्यांच्या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता. टर्बो नसलेल्या इंजिनात एक्झॉस्टच्या नळीचा व्यास अवाजवी वाढवला तर वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांवर इंजिन सुस्त होते. टर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर टर्बाइन फिरवून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत हिशेब वेगळा असतो. टर्बाइन फिरते ते तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील तफावतीवर, त्यामुळे टर्बाइननंतरचा अडथळा जितका कमी, तितका टर्बो लवकर जागा होतो. मात्र गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, बूस्टचे (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबाचे) प्रमाण स्वतः ठरवत असतो. मार्ग मोकळा झाल्याचे त्याच्या लक्षात आले की तो वेस्टगेट, म्हणजे वायूला टर्बाइनला वळसा घालू देणारी झडप, जरा आधी उघडतो आणि कमाल ताकद जवळजवळ पूर्वीइतकीच राखतो. रीमॅप (ईसीयूच्या आज्ञावलीत बदल) न करता केवळ नळी बदलून वीस-पंचवीस अश्वशक्ती वाढवून देतो, असे कोणी सांगितले तर तिथून उठून यावे, असे मेस्तांनीच मला बजावले. आपल्याच धंद्याचा दावा इतका खाली आणणारा कारागीर मी पूर्वी पाहिलेला नव्हता.

मी डाऊनपाइप, म्हणजे टर्बोनंतरची पहिली नळी, बदलण्याचा विषय काढताच त्यांनी तो तिथेच थांबवला. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सर्व सिलिंडरांतील धूर एकत्र आणणारा भाग) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, टर्बो थेट हेडला जोडलेला आहे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट), म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग, टर्बोला लागूनच बसवलेला आहे. वायूला सर्वांत मोठा अडथळा तिथेच होतो हे खरे. परंतु कॅट काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर पी-0420 हा दोष नोंदवतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, पीयूसी चाचणीत गाडी अडकते आणि सिग्नलवर मागच्या दुचाकीवाल्याला डोळे चोळावे लागतात. “आवाज जाय, गलाटो नाका” (आवाज हवा, गोंधळ नको), असे त्यांचे त्यावरचे एका वाक्यातील उत्तर होते. कॅट आणि त्यामागचा फ्लेक्स पाइप (लवचिक नळी) मूळचा ठेवायचा आणि तिथून मागे रेझोनेटर (घुमणारा आवाज दाबणारा डबा), मधली नळी, सायलेन्सर व टोक एवढेच नवे करायचे, असे ठरले.

धातूच्या निवडीबद्दल मात्र त्यांनी काटकसर करू दिली नाही. मूळ गाड्यांत बहुधा 409 प्रतीचे स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले पोलाद असते, आणि स्थानिक बाजारात स्वस्तात मिळते ते साधे पोलाद गोव्याच्या हवेत फार काळ तग धरत नाही. त्यांनी 304 प्रतीच्या स्टेनलेसच्या सव्वादोन इंची नळ्या दाखवल्या आणि माझ्या हातात लोहचुंबक दिले. सरळ भागाला ते चिकटले नाही, वळणावर मात्र किंचित ओढले गेले. फसवणुकीची शंका माझ्या चेहऱ्यावर उमटली असावी, कारण न विचारताच त्यांनी खुलासा केला की 304 थंड अवस्थेत वाकवले की त्या जागी त्याच्या कणरचनेत बदल होऊन थोडे चुंबकत्व येते. घरी आल्यावर मी हे वाचून पडताळले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. वळणेही मँड्रेलवर काढलेली होती, म्हणजे नळीच्या आत आधार देऊन वाकवलेली, त्यामुळे कोपऱ्यात व्यास चेपला गेला नव्हता.

वेल्डिंगबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण काम चांगले की वाईट हे ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येण्याजोगी ही एकच जागा आहे. टिग (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने केलेले) वेल्डिंग करताना बाहेरून आर्गॉन वायूचे कवच असतेच. पण नळीच्या आतही आर्गॉन सोडला नाही, तर आतल्या बाजूला धातू जळून काळपट, दाणेदार थर तयार होतो आणि गंज पुढे तिथूनच सुरू होतो. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा नळीची दोन्ही तोंडे टेपने बंद करून आत आर्गॉनची बारीक नळी सोडलेली होती. सांध्यांवर फिकट सोनेरी रंग आणि कडेला निळसर झाक होती. राखाडी रंग कुठे दिसला नाही. आठ महिन्यांनी, संपूर्ण पावसाळा अंगावर घेतल्यानंतरही, गाडी लिफ्टवर चढवून पाहिली असता एकाही सांध्यावर तांबूस डाग आढळला नाही.

आता तक्रारी. तीन दिवसांचे काम नऊ दिवसांवर गेले, कारण मध्ये शिगमो आला आणि वेल्डर गावी रोमटात (शिगम्याच्या मिरवणुकीत) गेला तो परतला नाही. हे मी तक्रार म्हणून धरत नाही. शिगम्यात काम टाकणाऱ्याची चूक अधिक.

पहिली खरी तक्रार खडखडाटाची. गाडी ताब्यात घेतली तेव्हा सर्व ठीक होते, परंतु पहिल्याच रविवारी मोले ओलांडून अनमोड घाट चढताना मागून पत्रा वाजू लागला आणि वर पोहोचून गाडी थंड होताच आवाज बंद झाला. शेडमध्ये नेली तेव्हा लिफ्टवर कुठेच काही टेकत नव्हते. दोष होता तो विस्ताराच्या हिशेबात: 304 स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि सुमारे अडीच मीटरची नळी 250 अंशांनी तापली की ती जवळपास 1 सेंटिमीटरने लांबते, जिथे साधे पोलाद पाऊण सेंटिमीटरवर थांबले असते. फिटिंग करणाऱ्या मुलाने हँगरचे (नळी टांगून धरणाऱ्या आधाराचे) रबर थंड नळीवर ताणून बसवल्यामुळे तापलेली नळी मागच्या उष्णतारोधक पत्र्याला टेकत होती. मेस्तांनी गाडी स्वतः बोरीपर्यंत पळवून आणली, गरम असतानाच खुणा केल्या आणि दोन हँगर कापून पुन्हा जोडले. हे काम पहिल्याच वेळी गरम नळीवर तपासले जायला हवे होते.

दुसरी तक्रार अधिक त्रासदायक होती. सहाव्या गियरमध्ये, इंजिन मिनिटाला 2,000 फेऱ्यांच्या आसपास असताना, गाडीत लग्नमंडपामागे जनरेटर चालू असावा तशी घूं भरून राहायची. वेर्णा ते कुठ्ठाळी एवढ्या अंतरातही डोके जड होई. तीन सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना तीन स्फोट होतात, म्हणजे 2,000 फेऱ्यांवर सेकंदाला 50; हा 50 हर्ट्झचा खोल स्वर बंद केबिनमध्ये घुमतो. इंटरनेटवर यावर एक लोकप्रिय उपाय आढळतो: एक्झॉस्टला बंद टोकाची आडवी नळी जोडायची, तिची लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव इतकी ठेवायची, म्हणजे परतणारी लाट मूळ लाटेला मारते. मी तोच आग्रह धरला. मेस्तांनी कागदावर गणित मांडले: त्या नळीतल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 400 मीटर धरला तर 50 हर्ट्झसाठी नळी 2 मीटर लांब लागते आणि पोलोच्या पोटाखाली एवढी जागा नाही. चार सिलिंडरच्या गाडीत स्फोटांची संख्या जास्त असल्याने नळी आखूड चालते. माझ्या गाडीला तो मार्ग बंद होता. शेवटी आधीचा लहान रेझोनेटर काढून त्यांनी जास्त लांबीचा, छिद्रांची नळी व काचतंतूंचे भरण असलेला बसवला. घूं पूर्ण गेली नाही, पण आता खिडक्या बंद ठेवून गप्पा मारता येतात.

परिणामाबद्दल सांगायचे तर गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवलेली नाही, म्हणून आकडा देत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये टर्बो थोडा लवकर उचलतो, घाटात एखादे गियर कमी बदलावे लागते, आणि हे माझ्या मनाचे खेळ नाहीत असे मी नव्वद टक्के खात्रीने म्हणू शकतो. आवाज जाड झाला आहे, मोठा फारसा नाही. टर्बाइन स्वतःच वायूची बरीच ऊर्जा खात असल्याने टर्बो गाडीचा आवाज मुळातच दबलेला असतो.

कायद्याची बाजू मेस्तांनी लपवली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याच अर्थाचा निकाल दिला आहे. कलम 182अ खाली प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये, तर ध्वनी व हवेच्या प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दोन्हींत कैदेचीही तरतूद आहे. पीयूसी पहिल्या फेरीतच मिळाले, परंतु त्यामुळे बदल कायदेशीर ठरत नाही. ही जोखीम पूर्णपणे माझी आहे.

रेझोनेटरच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे न लावता एकूण 31,000 रुपये खर्च आला. याच पैशांत अधिकृत सेवा केंद्रातून मूळ सायलेन्सर घेऊन निर्धास्त राहता आले असते, आणि ज्यांना दररोज महामार्गावर एकाच गतीने जायचे आहे त्यांनी तेच करावे. मूळ रेझोनेटर आणि नळी मेस्तांनी तेल लावून, गोणपाटात गुंडाळून परत दिली. ती आता घराच्या माळ्यावर आहे आणि गाडी विकायच्या वेळी पुन्हा बसवण्याचे पैसे घेणार नाही, असे त्यांनी बिलाच्या मागे लिहून दिले आहे.