मधुमेहाचं फुकट मिळणारं सर्टिफिकेट, आणि मी मोजलेले 34.99 पाउंड

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि नुकताच मधुमेह निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. मधुमेहाचं औषध चालू असेल तर इथे औषधांचे पैसे माफ करणारं 'एक्झम्प्शन सर्टिफिकेट' फुकट मिळतं, त्याचीच ही गोष्ट.

2024च्या नोव्हेंबरमध्ये रक्ताच्या तपासणीत माझा टाइप 2 मधुमेह निघाला. वय 47. नाशिकहून स्लाउला येऊन तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी मधुमेहाची मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची एक आणि रक्तदाबाची एक गोळी सुरू केली. फार्मसीत गेले तर एका औषधाला 9.90 पाउंड, तिन्हीचे मिळून 29.70. काउंटरवरच्या मुलीने सहज विचारलं, "मधुमेह आहे ना? मग एक्झम्प्शन सर्टिफिकेट का नाही काढलं?" एवढं बोलून ती पुढच्या माणसाकडे वळली.

बसमध्ये बसल्या बसल्या मी फोनवर शोधलं. सगळ्यात वर जी वेबसाइट आली ती जाहिरात होती, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. निळा रंग, मोठी अक्षरं, 'मधुमेहींसाठी मोफत औषधं, पाच मिनिटांत अर्ज'. नाव, पत्ता, जन्मतारीख, एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) नंबर, शेवटी कार्डाचा नंबर आणि 34.99 पाउंड 'प्रोसेसिंग फी'. मी भरले. सरकारी कागदासाठी पैसे मागितले याचं मला काहीच वाटलं नाही. आपल्याकडे सेतू केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढताना फी भरतो, आरटीओच्या कामाला एजंट लावतो. तीच सवय इथे आड आली.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. आमच्या ह्यांनाही मधुमेह आहे, पण त्यांना औषध नाही, फक्त पथ्यावर आहेत. अर्ज भरताना 'घरात आणखी कोणी मधुमेही आहे का' असं विचारलं, आणि ह्यांच्यासाठीही आणखी 34.99 मागितले. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे का, हे कुठेच विचारलं नाही. खरा नियम असा आहे की नुसत्या पथ्यावर मधुमेह आटोक्यात असेल तर ही सवलत मिळत नाही. सुदैवाने ह्यांचा अर्ज मी 'नंतर बघू' म्हणून सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी ईमेलने एक पीडीएफ आली. त्यावर माझं नाव, एक लांबलचक नंबर आणि पाच वर्षांची मुदत. पुढच्या वेळी फार्मसीत प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या 'मेडिकल एक्झम्प्शन' या चौकोनात खूण करून मी सही केली. फार्मसीवाले पुरावा दिसला नाही तरी औषध अडवत नाहीत, 'पुरावा पाहिला नाही' अशी नोंद करतात. तपासणी नंतर होते, आणि सही माझी असल्यामुळे जबाबदारीही माझीच.

काही महिन्यांनी एनएचएसच्या न्यूकॅसलच्या कार्यालयातून पत्र आलं: तुमच्या सवलतीची नोंद सापडत नाही, खुलासा करा. मला वाटलं, हीच काहीतरी फसवणूक असणार. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. याची मला आजही सगळ्यात जास्त खंत वाटते. पुढचं पत्र आलं ते दंडाचं. औषधांचे 29.70 आणि वर दंड. दंड औषधांच्या रकमेच्या पाचपट असतो, पण 100 पाउंडांच्या वर जात नाही. एकूण 129.70. 28 दिवसांत भरले नाहीत तर आणखी वाढणार. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतक्या वर्षांत आम्ही कुणाचा एक पैसा बुडवला नव्हता, आणि इथे सरकारच्या कागदावर मी खोटी सही करणारी ठरले होते.

सकाळी सर्जरीत, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. रिसेप्शनवरच्या बाईंनी पीडीएफ बघितली आणि नकारार्थी मान हलवली. त्यांनी एफपी92ए नावाचा फॉर्म दिला. मी माझी माहिती भरली, डॉक्टरांकडून सही झाली, सर्जरीनेच तो पाठवला. एक पेनीही लागली नाही. खरं सर्टिफिकेट असंच निघतं: दवाखान्यातूनच, डॉक्टरांच्या सहीने. ती सही नसेल तर कितीही सुबक पीडीएफ असली तरी तिला किंमत नाही. आणि मधुमेह आहे म्हणून सवलत आपोआप लागू होत नाही, हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नावावर चालू सर्टिफिकेट असेल तरच त्या चौकोनात खूण करायची. एकदा ते मिळालं की सगळीच औषधं मोफत, फक्त मधुमेहाचीच नाहीत.

खऱ्या सर्टिफिकेटचा नंबर घेऊन मी दंडाच्या पत्राला उत्तर दिलं. दंड माफ झाला, औषधांचे पैसे भरावे लागले आणि ते योग्यच होतं. 34.99 मात्र गेले. बँकेने सांगितलं की वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत 'आम्ही एनएचएसशी संलग्न नाही, फॉर्म भरून देण्याची सेवा देतो' असं लिहिलं होतं आणि मी अटी मान्य केल्याची खूण केली होती.

सर्टिफिकेट हातात येईपर्यंत औषध घ्यायचं असेल तर पैसे भरा आणि त्याच क्षणी एफपी57 पावती मागून घ्या. ती नंतर मिळत नाही. अर्ज पोहोचल्याच्या एक महिना आधीपासून सर्टिफिकेट लागू होतं, त्यामुळे त्या काळातले पैसे तीन महिन्यांच्या आत परत मागता येतात. वयाची साठी झाली असेल तर हे काहीच करावं लागत नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर औषधांना पैसेच पडत नाहीत. तिथल्या कुणाला अशी जाहिरात दिसली तर ती सरळ बंद करावी.

माझी जन्मतारीख, पत्ता आणि एनएचएस नंबर अजूनही त्या लोकांकडे आहे. गेल्या महिन्यात फोन आला, तुमच्या सर्टिफिकेटची मुदत संपत आली आहे, नूतनीकरणाचे 29.99 भरा. माझं खरं सर्टिफिकेट 2030 पर्यंत आहे. मी फोन ठेवला आणि तो नंबर ब्लॉक केला.